बेमालूम जोड

सरस जनावराच्या चामड्यापासून करतात आणि तो स्वभावाने हावरट असतो. सांडेल तिथे धरतो. वाद्याच्या जुन्या रोगणावर त्याचा थेंब राहिला, तर वाळताना आकसतो आणि रोगण सोलूनच निघतो. म्हणून तंबोऱ्याची चीर सांधताना निम्मं काम सरस लावण्याचं आणि निम्मं तो भलतीकडे जाऊ न देण्याचं. हे मला वडिलांनी शिकवलं. त्यांना मुलगा नव्हता म्हणून. माझं कौतुक म्हणून नव्हे.

लग्न होऊन अमरावतीला आले ती सरसाचं मडकं घेऊनच. सासरच्या घरात रस्त्यालगत एक खोली होती, तिथे मी वाद्यं दुरुस्त करायचे. पुढे अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला विलायतेहून मागणी आली. गावात जो तो दलाल झाला. माझे घरधनीही झाले. त्यांना कापूस ठेवायला जागा हवी होती, आणि जागा म्हणजे माझी खोली.

"तुये भोपळे अंगनात ठेव," ते म्हणाले. "पानी लागलं तं उगवतीन."

अशात अकोल्याहून एक गाणारी बाई तंबोरा घेऊन आली. दांडी भोपळ्याला मिळते तिथे चीर गेली होती. रोगण काळसर तांबडं, जुन्या हाताचं. तसं आता कोणी करत नाही.

"जोड बेमालूम झाला पायजे, बाई," ती म्हणाली. "मैफलीत लोक आयकते कमी अन् पायते जास्त. दिसला नाई तं आमच्या अकोल्याचे समदे तंबोरे तुमच्याकडंच."

घरधनी ऐकत होते. "हे जमलं तं खोली तुयी," ते म्हणाले. "नाई तं कापसाची."

चिरेच्या दोन्ही अंगांना मी मऊ मेण लावलं, मोहरीएवढी जागा सोडून. मेण चिरेत शिरलं तर सरस धरत नाही. मेणावर कापडाच्या पट्ट्या दाबल्या. कापूस महागल्यापासून घरात चिंधी मिळत नव्हती, तेव्हा माझं एक बरं लुगडं फाडलं. गरम पाण्यात मडकं ठेवून सरस पातळ केला, चिरेत सोडला, दोरीने आवळलं. बाहेर आला तेवढा पट्ट्यांवर थांबला. तो सायीसारखा झाल्यावर पट्ट्या ओढल्या. उशीर केला असता तर कडक होऊन रोगणाचे टवके घेऊन आला असता. खालचं रोगण जसंच्या तसं होतं. चीर मलाही बोट फिरवून शोधावी लागली.

राहिला रेघेवर लाखेचा पातळ हात. तो देऊन मी दार लावलं, ओल्या लाखेवर धूळ बसू नये म्हणून फटींत ओलं कापड कोंबलं, उद्यापर्यंत उघडू नका असं घरधन्यांना सांगितलं आणि पाण्याला गेले.

परत येते तर दारात गाडी, आणि हमाल आत सुटी रुई ओतून राहिलेले.

"काहून उघडलं?" मी विचारलं.

"मंग गाडी काय रस्त्यावर उभी ठेवू? तुया तंबोऱ्याले कोनी बोट नाई लावलं."

ते खरं होतं. कोणी बोट लावलं नव्हतं. फक्त जोडाच्या ओल्या रेघेवर, नेमकी तेवढ्यावरच, रुईची पांढरी लव उभी होती. घासावी तर शेजारचं जुनं रोगण जाणार. सुईने निघाली तेवढी काढली. बाकीची लाखेत रुतली ती रुतली.

गाणाऱ्या बाईने तंबोरा छेडला, मग उजेडात फिरवला. "आवाज चोख हाय," ती म्हणाली. "पन याले तं मिसरूड फुटलं वो, बाई."

अकोल्याहून दुसरा तंबोरा आला नाही. तिकडे मला मिसरूडवाली म्हणतात, असं एका गाडीवानाने हसत सांगितलं. त्याआधी सांधलेल्या एकाही वाद्यावरून माझं नाव कोणी घेतलं नव्हतं. जोड दिसतच नव्हते, तर नाव कोण घेणार?

लढाई संपली, भाव कोसळला. खोली रिकामी झाली.

"आता लाव तुया सरस," घरधनी म्हणाले.

"तंबोरे कुठून आनू?"

"मंग पाट सांध, पेट्या सांध. त्याले कोन बेमालूम पायते?"

हल्ली मी पाट आणि पेट्या सांधते. मेण लावत नाही.