बिनहॉप्सची बिअर आणि माझं मडकं

माझा गाढवपणा माझ्याच तोंडून ऐकायचाय ना? ऐका मग, पण मध्येमध्ये हसायचं नाही. दिवेआगरात माझं घर, मागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या. आणि एका माडावर एक मडकं! दामू माडावर चढून ताजी माडी उतरवायचा आणि संध्याकाळी सातला मी एक ग्लास घ्यायचो. एकच हो! उगाच डोळे मोठे करू नका.

परवाना? एका ग्लासाला कसला आलाय परवाना?

"परवाना काढा, नाहीतर मडकं उतरवा. एक दिवस खोल्यांना कुलूप लागेल!" असं माझी बायको सुधा उठता-बसता बजावायची. मी कानाआड करायचो.

तर एका मंगळवारी पुण्याहून लिमये नावाचे गृहस्थ आले. एकटेच! आता तुम्हीच सांगा, मंगळवारी दिवेआगरला एकटा माणूस कशाला तडफडेल? समुद्राकडे फिरकले नाहीत, मासळीची चौकशी नाही. वही काढली आणि मान वर करून माडामाडाखाली हिंडायला लागले.

चहाला बसले, तर विचारतात काय? "पूर्वी इकडे लोक घरी काय बनवायचे हो, प्यायला?"

"कोकम सरबत," मी म्हणालो.

"तसं नाही, आंबवलेलं काही. मी बिअरचा इतिहास गोळा करतोय. आजच्या बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. पण ही फुलं रुळायच्या आधीही युरोपात लोक शेकडो वर्षं बिअर पीतच होते की! रानातला वासाचा पाला घालायचे. घरोघरी बायका बनवायच्या. आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी तो पाला विकायलासुद्धा परवाना लागायचा. वर कर! चोरून केलं की दंड!"

परवाना! कर! दंड! म्हणे इतिहास! हा साध्या कपड्यातला एक्साइजवाला आहे आणि मला गोड बोलून अडकवतोय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

मी मागच्या दारानं सटकलो आणि दामूला गाठलं. "दामू, मडकं उतरव!"

"आता? पुरतं भरलं पन न्हाय."

"उतरव म्हणतो ना!"

दामू वर पोचतोय तोच माझ्या पाठीशी लिमये हजर! "वर काय बांधलंय हो?"

"पाखरांना पाणी."

"एवढ्या उंच?"

"घारींसाठी," मी म्हणालो. वरून दामूचा खोकला ऐकू आला. लिमयांनी वहीत काहीतरी टिपलं. बघा, घारींचासुद्धा पंचनामा!

मडकं खाली आलं, तसं मी ते सुपारीच्या बुंध्याशी ओतलं. स्वतःच्या हातानं ओतलं हो! काळजाचं पाणी झालं.

"वास सुरेख येतोय," लिमये म्हणाले.

"शेणखत," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटून पुन्हा एकदा वास घेतला. असला बेरकी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

दुपारी पानावर बसलो तरी यांचं तेच. "गावात कुणीच घेत नाही म्हणता?"

"थेंब नाही, साहेब!" हो, मी आता साहेबच म्हणायला लागलो होतो. आणि मग मला काय दुर्बुद्धी झाली देव जाणे. म्हणालो, "मी स्वतः व्यसनमुक्तीचं काम करतो."

सुधा मोदकांवर तूप वाढत होती. तिचा हात हवेतच थांबला.

"अरे वा! म्हणजे आधी तुम्ही घ्यायचात?"

बघितलंत? उलटतपासणी! "घ्यायचो. रोज सातला. फार वाईट दिवस होते ते."

"मला कधी बोलला नाहीत हो," सुधा म्हणाली आणि माझ्या पानात तूप न वाढताच आत गेली.

गुरुवारी लिमये निघाले. गाडीत बसताना त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"खरं सांगू? माझा पुण्यात बिअरचा छोटा कारखाना आहे. हॉप्सशिवायच्या पेयांवर पुस्तक लिहितोय. तुमच्या मेहुण्यानंच पाठवलं मला. म्हणाला, माडी चाखायची तर भावजींचीच! ना हॉप्स, ना पाला, माडावरच आंबते. तुमच्यासाठी गवती चहा घातलेल्या माझ्या बिअरच्या चार बाटल्यापण आणल्या होत्या. पण तुम्ही सोडलीत कळल्यावर तुमच्यासमोर काढायला मन धजेना. काल दामूच्या अंगणात संपवल्या."

मी दामूकडे बघितलं. दामू माडाकडे बघायला लागला.

"कशी होती रे?" मी हळूच विचारलं.

"झ्याक व्हती! अजून तोंडाला चव हाय."

इथं संपलं असतं तरी मी गंगेत न्हालो असतो. पण माणूस फार चांगला हो! त्याची बहीण व्यसनमुक्तीचं शिबिर घेते. पुढच्याच महिन्यात तिचा फोन. चारही खोल्या चार दिवस हव्यात, शिवाय "काकांचं मार्गदर्शन"! मी नाही म्हणायच्या आत सुधानं हो म्हटलं.

मग काय! बोललो. सगळ्यांसमोर हात पुढे करून शपथ घेतली. सुधा पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर शूटिंग करत होती. भाषण संपल्यावर महेश नावाचा एक तरुण आला आणि माझे पाय धरून हमसाहमशी रडला. "काका, मोह झाला तर तुम्हाला फोन करू?" घरी लहान मुलगी आहे त्याची. मला भडभडून आलं. म्हणालो, "कर रे बाबा, कधीही कर."

तर तो करतो. रोज. बरोब्बर सातला!

"काका, आज नाही घेतली. तुम्ही?"

साहेबाशी खोटं बोललो, बायकोशी बोललो, पण या पोराशी काही केल्या बोलवत नाही. सुधा फोन स्पीकरवर टाकून समोर बसते आणि मी म्हणतो, "नाही रे महेश, मीपण नाही घेतली."

आणि रडण्याची गोष्ट म्हणजे, ते खरं असतं हो!