झेंडूच्या वावरातला फोटो

समजा, विशीतली एक मुलगी तुमच्यासमोर उभी आहे. घरच्या माणसांचा फोटो तिने आयुष्यात पहिल्यांदा काढलाय आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो तुम्हाला दाखवतेय. फोटो भर दुपारचा, मोकळ्या वावरातला. बापाच्या डोळ्यांच्या जागी काळे खळगे. भावाच्या डोक्यातून विजेचा खांब वर गेलेला. आईचे पाय घोट्यात कापलेले. ती फोटोकडे बघत नाहीये, तुमच्या तोंडाकडे बघतेय. तुम्ही काय सांगाल?

बडनेऱ्याच्या जानरावांना याचा विचार करावा लागला नाही. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता आणि छत्तीस वर्षं ते फोटोच काढत आले होते. अलीकडे पासपोर्टच्या फोटोंपलीकडे फारसं काम नसे, म्हणून कुणी शिकायला आलं की त्यांना बरं वाटे. पौर्णिमा अशीच आलेली. नत्थुजी माळ्याची पोरगी. बाप गावाबाहेर दोन एकरांत झेंडू आणि पालक लावायचा. पोरीने मामेभावाचा जुना कॅमेरा मागून आणला होता.

"बस," जानराव म्हणाले. "आधी चांगलं सांगतो. माणसं एकमेकायले चिकटून उभी केली, हे बेस केलं. नवीन पोट्टे घरच्यायले कवायतीले उभं केल्यावानी उभं करतात."

"अन् आता वाईट सांगा जी."

"किती वाजता काढला?"

"साडेबाराले. तवाच मोकळे रायतात बाबा. सकाळी फुलं बाजारात, संध्याकाळी तोडा."

"सूर्याले तुया बाबाचा टाइमटेबल माईत नाई न, पोरी."

ती हसली. जानरावांनी पडद्यावर बोट ठेवलं. "डोळे दिसून नाई राहिले. डोळे नाईत त मानूस नाई. ऊन उतरल्यावर, पाच वाजता घे. खांब डोक्यात येते त तू दोन पावलं बाजूले सरक, खांब सरकनार नाई. अन् पाय कापायचेच असले त मांडीत काप. घोट्यात कापले का मानूस लंगडा दिसते."

यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. पौर्णिमाने सगळं वहीत उतरवून घेतलं.

"आता पुस हे."

रिळाच्या काळात जानराव ज्या उस्तादाकडे शिकले, तो बिघडलेला प्रिंट गिऱ्हाइकाच्या नजरेस पडण्याआधी टराटरा फाडायचा. खराब फोटो बाहेर फिरला की दुकानाचं नाव फिरतं, म्हणायचा. जानरावांनी ती शिस्त पुढे चालवली होती. शिकणाऱ्याने खराब फोटो त्यांच्यासमोर पुसायचा. मग नजर कडक होते.

पौर्णिमाचा अंगठा बटणावर थांबला. "काका, बाबा पहिल्यांदाच उभे रायले जी. मोबाइल काढला का तोंड फिरवतात."

"त दुसऱ्यांदाबी उभे रायतीन. मोह नको करू. पुस."

तिने पुसला. त्या दुपारचे सगळे सहा पुसले.

पुढे दसरा आला. झेंडूवाल्यांच्या घरी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत संध्याकाळ नसतेच. चार वाजले की सगळे वावरात, अंधार पडेपर्यंत तोडा, मग पोती भरायची. फोटोचा उजेड आणि तोड्याची वेळ एकच. नत्थुजी पोरीला म्हणाले, "दिवाळी होऊ दे बाई, मंग तू म्हनशीन तेवढा येळ उभा रायतो, एका टांगेवर." जानराव विचारत, "काढला काय वं?" ती म्हणे, "तोडा चालू हाय जी." मधल्या दिवसांत तिने नात्यातल्या एका बारशाचे तीनशे फोटो काढले. कॅमेऱ्यातल्या त्याच कार्डावर.

धनत्रयोदशीच्या सकाळी अमरावतीच्या फुलबाजारात नत्थुजी पोत्यावर टेकले. शेजारच्याला म्हणाले, जरा दम लागला. ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा गोपाल स्टुडिओत आला. हातात बापाचं आधार कार्ड. तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. जानरावांनी तो नखाएवढा फोटो मोठा करायला घेतला. जितका मोठा करावा तितकं तोंड विरघळत जाई. कान कुठे संपला आणि मागची भिंत कुठे सुरू झाली, ते कळेना. दुपारी त्यांनी काम थांबवलं, शटर ओढलं, पौर्णिमाच्या घरी जाऊन कॅमेऱ्याचं कार्ड मागून घेतलं आणि अकोल्याची गाडी धरली. पुसलेलं परत काढून देणारा एक जण तिथे होता.

त्याने दोन तास खटपट केली. "पुसल्या पुसल्या आनलं असतं त सगळंच निघालं असतं," तो म्हणाला. "याच्यावर दुसरं लिहिल्या गेलं, काका. हे एवढं एक भेटून राहिलं, पाहा."

जानरावांनी पाहिलं. वर निळं आभाळ. खांबाचं टोक. बाजूला, जरा खाली, नत्थुजींच्या पांढऱ्या टोपीची कड. मग तिथून खालपर्यंत सपाट राखाडी पट्टा.

"याच्या खालचं?"

"खालचं नाई."

तेरवीला आधार कार्डावरचाच फोटो लागला. पौर्णिमा पंगतीत वाढत होती. जानरावांच्या पानावर तिने पुन्हा एकदा भाजी वाढली, "घ्या जी काका" म्हणाली आणि पुढे गेली. तिने एक शब्द बोलून दाखवला असता, तर त्यांना घास गिळता आला असता.

निघताना तिची आई मैनाबाई दारात आली.

"भाऊ, पोरगी म्हने तुमी तो फोटो पाह्यला होता. मी त कॅमेऱ्यात पाह्यलाबी नाई. कसे दिसत होते जी हे?"

जानरावांना खळगे आठवले. खांब आठवला. घोट्यात कापलेले पाय आठवले, अगदी लुगड्याच्या काठासकट. नत्थुजींचं तोंड आठवेना.

"चांगले दिसत होते, वहिनी," ते म्हणाले.

मैनाबाईने पदर तोंडाला लावला. "हो न. मले वाटलंच."

पौर्णिमा आता पुन्हा शिकायला येते. नवे फोटो पुढे ठेवते आणि वही उघडून बसते. जानराव आता कुणाला पुसायला सांगत नाहीत. खांब आधी बघायचा नाही, तोंड आधी बघायचं, असं स्वतःला बजावत ते फोटो हातात घेतात, तरी नजर आधी खांबाकडेच जाते. एक गोष्ट तिला विचारायची आहे. त्या दुपारी ती कॅमेऱ्यामागे होती, तिने नक्की पाहिलं असेल. पण विचारलं की तिला कळेल, तेव्हा काकांनी तिच्या बापाकडे पाहिलंच नव्हतं. म्हणून ती वही मिटून जाईपर्यंत ते उजेडाबद्दल बोलत राहतात, आणि प्रश्न त्यांच्याजवळच राहतो:

त्या फोटोत नत्थुजी हसत होते काय?