केदारखेडा ते राजूर, एका पायात मोजा

कोंबडं आरवलं आन् मी केदारखेड्यातून निघालो. शाळा तिसरीपर्यंतच झाली, म्हणून लिहिण्यात चूक दिसली तर सांभाळून घ्या. चालण्यात मात्र चूक काढू नका. वय पंच्याहत्तर. जायचं राजूरला, माझ्या लेकीकडं. सुनंदा तिथं शाळेत शिकवते. माझ्या पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून तिनं हट्ट धरला, "आबा, गाव सोडा, माझ्याकडं राहा." मी ऐकेना. शेवटी ठरलं, की राजूरपर्यंत पायी आलो तर गावातच राहायचं, आन् वाटेत गाडीत बसलो तर गाठोडं बांधून तिच्या घरी.

तिनं गुडघ्यापर्यंतचे, बोटं उघडी राहणारे घट्ट मोजे पाठवले होते. पोटरी आवळून धरतात, पाय थकत न्हाईत म्हणे. मी अंकुशनगरकडं वीस वर्षं ऊस तोडला. पाचट (उसाची वाळली पानं) पाय कापतं, म्हणून पोटरीला फडकी गुंडाळायचो. आवळणं मला कुणी शिकवू नये. मंग एकच मोजा घातला, डाव्या पायात. उजवा मोकळा. म्हटलं, होऊ द्या बराबर निकाल.

रस्त्यानं दोन्हीकडं हरभरा. मोटरसायकलवाला थांबला.

"बाबा, राजूरच्या गणपतीला का?"

"न्हाई, लेकीला पाय दाखवाया."

हसत गेला.

ऊन चढलं तसा मोजा तापला. मी तो घोट्यापर्यंत गुंडाळून खाली केला, साध्या मोज्यावाणी. घटकाभरात बोटांना मुंग्या आल्या. एका बांधावर एक बाई हुळा (ओला हरभरा) भाजून राह्यली होती. तिनं माझ्या चपलेकडं पाह्यलं.

"बाबा, पायाला दोरी बांधली का काय? बोटं जांभळी पडलीत!"

"डाक्टरी मोजा हाय तो."

"डाक्टरनं असा वळकटी करून घालाय सांगितला? माझ्या सासूला होता. पुरता वर ओढा, न्हाईतर काढून फेका."

मी कुणाचा हुकूम घेत न्हाई. पण बोटं माझी होती. सुरकुती न ठेवता वर ओढला, तसं रगत फिरलं. मंग तिनं ओंजळभर हुळा दिला. तोंड काळं करून खाल्ला.

राजूर दिसायला लागलं तवा पोटरीत गोळा आला. एका न्हाई, दोन्ही पायांत. मोजेवाल्यातही, मोकळ्यातही! रिक्षा थांबली.

"बसा बाबा, समोरच तर हाय."

"समोर हाय तर चालतच जातो."

दगडावर बसून पोटऱ्या चोळल्या, उठलो, आन् लंगडत का होईना, सुनंदाच्या उंबऱ्यात उभा राह्यलो.

"आबा! मोजा एकाच पायात?"

"पारखून पाह्यला. थकायचं म्हणशील तर दोन्ही पाय सारखेच थकले. तुझ्या मोज्यानं काय फरक पडला न्हाई."

तिनं खाली बसून दोन्ही घोटे अंगठ्यानं दाबले. मोकळ्या पायाला खड्डा पडला. मोजेवाला तसाच राह्यला, सुजलाच नव्हता.

"आन् हे?" ती म्हणाली.

खोटं बोलणं आपल्याला जमत न्हाई. "तेवढं तुझं खरं," म्हटलं.

ती उठून सैपाकघरात गेली. मंग येसराची आमटी आन् भाकर वाढून म्हणाली, "राहा गावात. पण तिथं मी नसते, ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी एसटीनं परतलो. परतीला गाडीत बसू नये, असं ठरलंच नव्हतं. खिडकीतून कालचा रस्ता पाह्यला. लय लांब होता. त्यातलं पाऊल न् पाऊल माझं. गावात उतरून घराचं कुलूप काढलं. ते घर बापाकडून मला मिळालं होतं, पण काल ते मी माझ्या पायांनी कमावलं.