एक तारा का अनेक तारे?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते पंख्यावरच्या धुळीसारखे साचतात. कधीतरी आपण सहज बटण दाबतो आणि सगळं अंगावर येतं!

परवा नातसुनेने विचारलं, "आबा, तुम्ही म्हणे पोस्टाची तिकिटं जमवायचे?" मी म्हटलं, "जमवत तर सगळेच होते बेटा. आम्ही वेगळी करायचो." तिला काही समजलं नाही. तेव्हा तरी कुणाला समजत होतं!

आम्ही चौघं होतो. मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ड्राफ्ट्समन. देशकर तिथेच इन्स्पेक्शनला. मुळे तिथल्याच ऑफिसात क्लार्क. आणि बोकारे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. रविवारी सकाळी कांचघर मोहल्ल्यात माझ्या घरी बैठक. पोहे-जलेबी खायची, हात साबणाने धुवायचे आणि मग पंचम जॉर्जला हात लावायचा. इंग्रजाच्या काळातली ती तिकिटं. चेहरा तोच, रंग तोच, किंमतही तीच. पण काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून वर पेट्रोलचे दोन थेंब टाकले, की कागदाच्या पोटातला वॉटरमार्क दिसायचा. जुन्या छपाईला एकच तारा, नंतरच्या छपाईला ताऱ्यांची जाळीच. एखाद्याला तर तारा उलटा! बस, एवढ्यासाठी आम्ही डोळे फोडून राहिलो होतो.

आमच्यात उस्ताद देशकर. "असेल" हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता. एक तर "आहे", नाही तर "सांगता येत नाही." एकदा त्याच्या बायकोने नवी साडी नेसून विचारलं, "कशी दिसून राहिली मी?"

हा म्हणाला, "इकडे खिडकीपाशी ये. बल्बच्या उजेडात सांगता येत नाही!"

* * *

कुंडमला कुण्या जुन्या मालगुजाराच्या घरी पेटारा भरून जुनी पत्रं आहेत, अशी खबर मुळेने आणली. राणीच्या काळातली! बोकारे ड्युटीवर, म्हणून आम्ही तिघं बसने निघालो. जंगलाचा रस्ता, वर टपावर कोंबड्या. देशकरने चिमटा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला होता. रस्ताभर कुणी नीट बोललं नाही. एवढी आशा असली की माणूस बोलत नाही.

घरात एक म्हातारी, मालगुजाराची विधवा. मुळेने अदबीने विचारलं, "अम्माजी, वो पुराने कागज?"

"कागज? अरे भैया, वो तो सब गला डाले." तिने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एकात एक घातलेल्या टोपल्या होत्या. कागद भिजवून, मेथी घालून, कुटून केलेल्या. वरून पिवळी माती सारवलेली.

देशकर खाली बसला. एक टोपली उचलून त्याने भिंग लावलं आणि ती हळूहळू फिरवत राहिला. एका जागी माती उडाली होती.

"राणी आहे," तो म्हणाला. "एक कान आणि अर्धा अंबाडा."

मुळेला राहवलं नाही. "वॉटरमार्क कोणता?"

"मेथीचा!"

म्हातारीला वाटलं, टोपली आवडली. ती तिने देशकरला देऊन टाकली. परतताना बसमध्ये तो ती मांडीवर धरून बसला होता. कुणाच्या तरी अस्थी घेऊन चालल्यासारखा.

* * *

चीनची लढाई लागली आणि फॅक्टरीचा रंगच बदलला. ओव्हरटाइम, गेटवर नवीन सिक्युरिटी, डबा उघडून भाजी ढवळून पाहायचे. त्यात मुळेच्या झोळीत सापडलं भिंग! शिवाय एक लहानसं पाकीट. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं, 'उल्टा तारा, पक्का.'

मुळेला खोलीत नेलं. दारात मी साक्षीला उभा. साहेब पलटणीतून नुकताच आलेला, मोठा कडक.

"ये उल्टा तारा क्या है?"

"साहब, राजा के पीछे है."

"कौन राजा?"

"पाँचवाँ जॉर्ज, साहब."

"अभी कहाँ है वो?"

"मर गया, साहब."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "मर गया, तो फिर उसके पीछे काहे पड़े हो?"

मुळेला सोडलं. भिंग मात्र ठेवून घेतलं, आणि ते काही परत मिळालं नाही. ते मुळेच्या सासऱ्याने लग्नात दिलेलं होतं, पितळी मुठीचं. घरी जाताना मुळे म्हणाला, "बरोबर बोलला यार तो. आजपर्यंत असं कुणी विचारलंच नव्हतं."

* * *

बोकारेचा किस्सा सांगू का नको, असं होतं. सांगतो.

देशकरने त्या रविवारी छटा काढल्या होत्या. अर्ध्या आण्याचं तिकीट हिरवं, पण हिरव्यातही पिवळसर, निळसर, फिकं, गडद. सगळी एकत्र मिसळून त्याने बोकारेपुढे सरकवली. "लाव बरं ओळीने."

बोकारेने लावली. देशकर बघत राहिला. मग त्याने हळूच एक आण्याचं लालसर तिकीट किमतीवर बोट ठेवून मध्ये सरकवलं. बोकारेने तेही हिरव्यांच्याच ओळीत लावलं.

मुळे हसायला लागला. देशकर हसला नाही. "बोकारे, कधीपासून?"

बोकारेने तिकिटांवरून नजर काढली नाही. "झाली असतील तीनचार वर्षं. हळूहळू गेले रंग." मग म्हणाला, "दिवसा काही अडचण नाही ना. सिग्नलचा हात दिसतो, वर आहे का खाली आहे ते. रात्री..."

त्याच्या घरात तीन पोरी आणि म्हातारे आईवडील, हे आम्हाला माहीत होतं. डॉक्टरकडे जा असं कुणी म्हटलं नाही, नको जाऊ असंही म्हटलं नाही. चहा तसाच गार झाला.

सोमवारी बोकारे स्वतःच्या पायाने रेल्वेच्या डॉक्टरकडे गेला. इंजिनवरून उतरवलं त्याला. शेडमध्ये एका स्टुलावर बसवलं, डब्यांचे नंबर ओरडून सांगायला. रविवारी यायचं त्याने बंद केलं. एकदा बाजारात भेटला तर मी म्हटलं, "अरे, काहून येत नाहीस?"

"काय पाहायला येऊ?"

* * *

पासष्टच्या लढाईत खिडक्यांच्या काचांना काळा रंग लावायचा हुकूम निघाला. झालं! दिवसाही घरात अंधार. म्हणून आम्ही टेबल अंगणात काढलं. वारा आला की तिघंही तिकिटांवर पालथे पडायचो. समोर नगरपालिकेने खंदक खणलेला. शेजारच्या पंडितजींची बकरी त्यात उतरायची आणि नेमकी आमच्या बाजूने वर यायची.

एका रविवारी आली, आणि टेबलावर तोंड घालून एक जॉर्ज खाल्ला.

देशकर ताडकन उठला. "कोणतं? एक तारा का अनेक तारे?"

"आता बकरी धर उजेडाला!" मुळे म्हणाला.

खूप हसलो. पण त्या आठवड्यात गल्लीतल्या दोन घरी लढाईवरून तारा आल्या होत्या, आणि हसताना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरला होता, हेही आठवतं.

* * *

मुळेची मुलगी कुसुम. शांत, हुशार, रंगाने सावळी, आणि त्यापायी दोन ठिकाणहून नकार आलेला. तिसरं स्थळ नागपूरचं. मुलगा बँकेत. मुलाचे वडील तिकिटांचे शौकीन निघाले! मुळेला तर आकाश ठेंगणं झालं. बैठकीला त्याने देशकरला आणि मला मुद्दाम बोलावलं.

पाहुण्यांनी अल्बमच बरोबर आणला होता. दीड आण्याचं पान उघडून म्हणाले, "पहा. पहिली छपाई, पूर्ण पान!" त्या तिकिटाची गोष्ट अशी, की पहिल्या छपाईत इंग्रजीत 'अ‍ॅना' आहे आणि नंतरच्या छपाईत शेवटी एक 'एस' वाढून 'अ‍ॅनाज' झालं. तेवढाच फरक.

कुसुम पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. देशकर पानाकडे पाहत होता.

"यातली अर्धी दुसऱ्या छपाईची आहेत," तो म्हणाला. "आणि या एकाचा तर 'एस' खरवडून काढला आहे."

पाहुण्यांनी अल्बम मिटला. पोहे फार छान झाले म्हणाले. मग आठवड्याने पत्र आलं, योग नाही.

मुळे देशकरवर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "खोटं बोल असं नाही म्हणत मी. पण नुसतं पोहे खात बसायला काहून येत नाही तुला?"

कुसुमचं लग्न पुढे झालंच नाही. शाळेत मास्तरीण झाली ती. आईवडिलांजवळच राहिली.

* * *

देशकरकडे वडिलांनी मरताना दिलेलं एक तिकीट होतं. कंपनीच्या काळातलं, राणीचं, त्याच्या सगळ्या अल्बमचा जीव. ते त्याने कधी बशीत टाकलं नाही. आम्ही चिडवायचो तेव्हा म्हणायचा, "वडिलांचं आहे." शेवटी स्वतःलाच राहवलं नाही आणि त्याने ते तपासणीसाठी कलकत्त्याच्या एका जाणकाराकडे पाठवलं. वाट पाहून पाहून आम्ही विसरलो. तो नाही विसरला.

उत्तर आलं, एका ओळीचं. नकली.

रविवारी त्याने अल्बम उघडून दाखवला. तिकीट होतं त्याच जागी होतं. खाली स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'नकली.'

मी म्हटलं, "अरे, लिहायची काय गरज? कुणाला कळतं?"

"मला कळलं ना."

मग मुळे खुर्ची सरकवून त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला, "देशकर, बाप तर खरा होता ना?"

देशकरला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

* * *

पुन्हा लढाईचे दिवस आले. भराईच्या, म्हणजे गोळ्यांत दारू भरायच्या सेक्शनला माणसं कमी पडत होती, म्हणून ऑफिसातल्या काही क्लार्कांनाही तिकडे दिलं. त्यात मुळे गेला. "चलो, निवृत्तीच्या आधी फॅक्टरी आतून पाहून घेतो," म्हणाला.

एका दुपारी धमाका झाला. कांचघरात भांडी पडली. मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. धावत गेलो तर गेट बंद केलेलं.

धमाका झाला त्या खोलीत तिघं होते. मुळे, यादव नावाचा फिटर आणि रिछाईकडचा पटेल, नुकताच लागलेला. दवाखान्यात तिघांना शेजारी शेजारी ठेवलं होतं, चेहऱ्यावरून कुणीच ओळखू येत नव्हतं. भराईत अंगावर घड्याळ, अंगठी, काहीच चालत नाही, आणि कपडे सगळ्यांचे फॅक्टरीचे. ओळख पटल्याशिवाय प्रेतं देता येत नाहीत, असं साहेब म्हणाले. यादवची बायको आत गेली आणि चक्कर येऊन बाहेर आणली. पटेलचा बाप व्हरांड्यात बसून एकच म्हणत होता, "कोई तो बता दो भैया." मुळेवहिनी भिंतीला टेकल्या होत्या. कुसुमने त्यांचा हात धरला होता, पण ती स्वतः रडत नव्हती.

देशकर म्हणाला, "मी पाहतो."

मी त्याच्या मागे गेलो. एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. देशकर बराच वेळ उभा होता. या टोकापासून त्या टोकाला गेला, परत आला. वाकला. मग चादरी नीट सारख्या केल्या आणि बाहेर आला.

"भिंतीकडचा मुळे. मधला यादव. दाराकडचा पटेल."

साहेबांनी विचारलं, "पक्का?"

"पक्का. लिख लीजिए."

कुसुम समोर येऊन उभी राहिली. "काका, बाबाच ना?"

"बाबाच, बेटा. मी ओळखणार नाही का?"

तेव्हा ती रडली. पटेलच्या बापाने उठून देशकरचे पाय धरले.

ग्वारीघाटला एकाच वेळी तिन्ही चिता पेटल्या, रांगेत. ज्याची माणसं त्याच्यापाशी. नर्मदेवर ऊन होतं. कवटी फुटेपर्यंत सगळे थांबले, मग एक एक जण पाण्याकडे उतरायला लागला. देशकर उतरला नाही. तो मुळेच्या चितेपुढे गेला, हात जोडले. मी अगदी मागे होतो, म्हणून ऐकू आलं.

"येतो रे मुळ्या."

मग तो यादवच्या चितेपुढे गेला. हात जोडले. "येतो रे मुळ्या."

मग पटेलच्या चितेपुढे जाऊन उभा राहिला, आणि तिथेही तेच म्हणाला.