सुतकातला फ्रीज

मागच्या वर्षी अंगणात पाय घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून माझ्या हातची भाकर परातीतच फाटते. रिसोडच्या घरात आम्ही तिघं राहतो, माझा म्हातारा, मी आणि सून. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, सणाला येतो. माझं मनगट गेलं तसा सगळा स्वयंपाक सुनेवर आला.

त्याच वर्षी हिवाळ्यात तिला वाशीमच्या एका दवाखान्यात काउंटरवर काम लागलं. मीच तिला अर्ज करायला लावला होता. दिवसभर ती मोबाईलकडे बघायची आणि मी तिच्याकडे. दोघींनाही त्याचा वीट आला होता. पहिले काही महिने काम कच्चं होतं, पटलं तर पुढे ठेवणार. वाशीमची पहिली एस.टी. उजाडायच्या आत सुटते. ती चुकली की दुसऱ्या गाडीने उशीर ठरलेला. सुरुवातीलाच तिची गाडी दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा ती स्वयंपाकातच अडकली होती. म्हाताऱ्याला सकाळी वरण, भाजी, भाकर सगळं ताजं लागतं आणि ते झाकून ठेवल्याशिवाय ती घराबाहेर पडत नव्हती. डॉक्टरांनी तिला सांगितलं, आता एकदा जरी उशीर झाला तर उद्यापासून येऊ नका.

त्या आठवड्यात तिने बाजारातून झाकणाचे डबे आणले. लहान, मोठे, चौकोनी. रविवारी ओट्यावर मांडले.

मी म्हटलं, "हे काय दुकान लावून राह्यली वं?"

"आत्याबाई, हप्त्याचं एकाच दिवशी करून ठेवायचं. मोबाईलवर पाह्यलं म्या. सकाळी फकस्त फोडणी द्यायची."

"अन् मामाजीले शिळं चारायचं?"

"शिळं कसं? फोडणी तं ताजीच राहीन ना."

पहिल्या रविवारी आम्ही दोघींनी मिळून सगळं बिघडवलं. मेथी धुऊन ओलीच डब्यात कोंबली, ती तिसऱ्या दिवशी काळी पडली. चिरलेला कांदा दुधाशेजारी ठेवला. सोमवारी म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "चाहा केला का रस्सा केला?" म्हणाला. सून तोंडाला पदर लावून हसत राहिली आणि हसतहसतच गाडीला पळाली. पण गाडी तिला मिळाली.

पुढच्या रविवारी मेथी निवडून कागदात गुंडाळली, कांदा चिरून कच्चा न ठेवता तळून घेतला. तुरीची डाळ शिजवून ठेवली. खोबरं, खसखस, कांदा भाजून वाटण केलं. गवार मोडली, लसूण सोलला, दाण्याचं कूट केलं. डाव्या हाताने जेवढं जमेल तेवढं मी केलं. फ्रीज भरला.

आणि मग माझी पंचाईत झाली. सोमवारपासून मला काम उरेना. आयुष्यभर सकाळ म्हणजे निवडणं, दळणं, थापणं. आता सगळं डब्यात बंद. मी उगीच फ्रीज उघडायची, झाकणं काढून वास घ्यायची, पुन्हा लावायची. म्हातारा म्हणायचा, "अवं, त्याले हवा कायले घालून राह्यली?" मी दारात जायची, परत यायची. सून गाडीत बसली की फोन करायची. तो फोन येईपर्यंत मला एका जागी बसवत नव्हतं.

असे काही रविवार गेले. काम पक्कं व्हायला थोडेच दिवस उरले होते. एका रविवारी दुपारभर राबून आम्ही डबे भरले, ओटा पुसला, आणि तेवढ्यात मेडशीहून फोन आला. म्हाताऱ्याचा चुलतभाऊ गेला होता.

आमच्याकडे भाऊबंदात मरण झालं की घरातलं शिजलेलं अन्न फेकायचं आणि भरलेलं पाणी ओतायचं. मरण कुठेही होवो, सुतक प्रत्येक घरात येतं. एरवी फेकायला असतंच काय? वाटीभर वरण, दोन भाकरी. म्हाताऱ्याने टोपी घातली, जीप धरायला निघाला आणि दारातून म्हणाला, "फ्रीजमधलं सगळं फेका."

तो गेल्यावर सुनेने एकेक डबा काढून ओट्यावर ठेवला. रडली नाही. नुसती झाकणं मोजल्यासारखी बघत राहिली. मग डाळीचा डबा उचलून मोरीकडे निघाली.

"ठेव तो," मी म्हटलं.

"मामाजी सांगून गेले ना."

"सांगू दे. उद्या सकाळी डाळ शिजवशीन, वाटण करशीन, मंग गाडी कोण धरीन? म्या?"

"आत्याबाई, काही बरंवाईट झालं तं माह्या माथी येईन."

"तुह्या नाई, माह्या माथी. ठेव मनतो ना."

मी रांजणातलं पाणी ओतलं, माठ पालथा घातला. दोघींनी डोक्यावरून आंघोळ केली. देवाचा दिवा लावला नाही. एवढं सगळं केलं. पण फ्रीजला हात लावला नाही. शिजलेलं म्हणजे काय, हेच मला त्या संध्याकाळी कळेना. कुरडई गव्हाचा चीक शिजवूनच होते. उन्हाळ्यात केलेल्या कुरड्यांचा डबा माळ्यावर वर्षभर असतो. इतकी सुतकं झाली, तो डबा कोणी उकिरड्यावर नेलेला मी पाहिला नाही. माझ्या सासूनेही नेला नाही, आणि ती तर सुतकात विड्याचं पान खायला भ्यायची.

सोमवारी सून गाडीला गेली. फोन आला, "बसली."

दुपारी म्हातारा आला, आंघोळ करून पाटावर बसला. "फेकलं ना सगळं?"

"नाई फेकलं."

मी त्याला कुरड्यांचं सांगितलं.

"कुरडई निराळी," तो म्हणाला.

"काहून निराळी?"

"निराळी म्हंजे निराळी! तुले सुतक शिकवू काय आता या वयात?"

तो उठला आणि दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. मी पीठ घेतलं आणि वाकड्या मनगटाने भाकर थापली. थापली कसली, तव्यावर तुकडे जुळवले. मिरच्या ठेचून दिल्या. तो तिथेच बसून खायला लागला. त्याच्यापुरतं मी रोज तेच केलं. तो सुनेशी बोलत नव्हता असं नाही, पण तिच्या हातातल्या डब्याकडे बघायचा नाही.

दोनेक दिवसांनी संध्याकाळी मुलाचा फोन आला. पुण्यात त्याची मोटरसायकल घसरली होती. गुडघा सोलवटला, हाताला लागलं. तो स्वतः हसत सांगत होता. म्हाताऱ्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलला असता तर बरं झालं असतं. मी उठून भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. मुलगा दर पावसाळ्यात घसरतो, हे मला माहीत होतं. पण हा पावसाळा नव्हता.

सून आली, तिने ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. "आत्याबाई, उद्या म्या जात नाई."

"काहून? त्याचा गुडघा वाशीमले येऊन राह्यला काय पट्टी बांधाले?"

"तुमाले हसू येते."

"मले हसू नाई येत. पण तू घरी बसली तं त्याचा गुडघा उद्याच्या उद्या भरते, असं असंन तं बस."

ती त्या रात्री जेवली नाही.

सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता, पण कढई थंड होती. ती ओट्यापाशी उभी होती. समोर डबा होता, झाकण लावलेला. बाहेर अजून काळोख होता. मला वाटलं, गेलं हे काम. पुन्हा ती मोबाईलकडे बघणार आणि मी तिच्याकडे. मी नुसती या खोलीतून त्या खोलीत हिंडत राहिले.

म्हातारा मफलर गुंडाळून स्टँडवर जाऊन आला. "एस.टी. लागली फलाटाले," तो म्हणाला.

ती तशीच उभी.

"आयकू येते का वं पोरी? गाडी लागली."

"मामाजी, सुतकाचं अन्न..."

"मी खाऊन राह्यलो काय ते? मी नाई खात, तो माहा नेम. गाडी चुकवाचा नेम कोणाचा हाय?" ती हलेना तसा तो ओरडला, "देवाले राग आला असंन तं तो मले पाहून घेईन, घरात मोठा मी हाय! तू निंघ!"

तिने फोडणी दिलीच नाही. डब्यातली दोन धिरडी तशीच पिशवीत टाकली, चपला हातात घेऊन पळाली. मी दारात उभी. म्हातारा माझ्या मागे उभा. फोन वाजला तेव्हा तो माझ्याआधी पोचला. "बसली," तो मला म्हणाला, जणू मला ऐकायला येत नाही.

महिनाअखेरीस डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. सुतक तोवर फिटलं होतं. ती सांगत आली तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते आणि म्हातारा जेवायला बसत होता. ताटात डब्यातलंच वरण होतं. त्याने वाटी उचलली, हुंगली, परत ठेवली.

"एक ठरवून ठेवा," तो म्हणाला. "आता दर हप्त्याले फ्रीज भरणार तुमी. अन् भाऊबंद का मराचे थांबणार हायेत? कोणाच्या मरणाले फेकाचं अन् कोणाच्याले ठेवाचं, ते आत्ताच सांगा."

मी म्हटलं, "तुमी मेले तं फेकीन सगळं."

"आत्याबाई!" सून ओरडली.

"मंग ठीक हाय," म्हातारा म्हणाला, आणि वरणात भाकर कुस्करायला लागला.