उताराचा तुकडा

रोपवाटिकेत तिला सगळे काकू म्हणत, तिच्याहून थोरल्या बायकासुद्धा. काम होतं ग्वायुलेची रोपं तयार करायचं. ग्वायुले म्हणजे शेवंतीच्या कुळातलं, वाळवंटात वाढणारं बुटकं, राखाडी झुडूप. फुलं बारकी, पिवळी, कुणी वळून बघणार नाही अशी. पण सालीत रबर असतं. कारखान्याने त्यासाठी माळच्या माळ घेतला होता.

बी इतकं बारीक की शिंक आली तर सगळं वाफ्याबाहेर. काकू ते भिजवायची, निथळायची, वरवर पेरून मातीवरून नुसता हात फिरवायची. तयार रोपं शेतात न्यायला ट्रॅक्टर घेऊन तिचा नवराच यायचा. तो रोपांचे ट्रे आपटतो म्हणून ती भांडायची, ती पाणी जास्त घालते म्हणून तो. भांडल्याशिवाय दोघांनाही करमत नसे.

माळावरच्या उताराच्या तुकड्यात लागवड चालू असताना ट्रॅक्टर उलटला. नवरा जागीच गेला. माणसं धावत सांगायला आली तेव्हा काकूचे हात मातीने भरलेले होते. तिने ते धुतले, नळ घट्ट बंद केला आणि त्यांच्याबरोबर निघाली.

ती रडली नाही. घरात नवऱ्याची धाकटी बहीण होती, ती रडून रडून अर्धी झाली. काकूच तिला पाणी देत होती. शेजारणी म्हणाल्या, धक्का बसलाय, एकदा मोकळी होईल. काकूही वाट बघत राहिली. भूक लागायची, झोपही यायची, आणि याचीच तिला लाज वाटायची.

ट्रॅक्टरवर आता दीर आला. उरलेल्या ओळी त्याने आणि काकूने मिळून लावल्या. झुडपं वाढली. मग कारखान्याच्या मुकादमाने पाणी तोडायला लावलं. ताण बसला की सालीत रबर जास्त धरतं. काकू कोरड्या सऱ्यांतून हिंडायची, पानं चाचपायची. कुणी विचारलं तर म्हणायची, बरी आहेत.

काढणीची वेळ आली आणि कारखाना बंद झाला. रबर नको, जमीन मोकळी करा, असा निरोप आला. दीर वाटिकेत आला.

"वहिनी, उताराच्या तुकड्यावर माझ्या हातून नांगर चालायचा नाही. मी मुकादमाला दुसरा माणूस बघायला सांगतो."

"लावलं आपण. उपटायला परका कशाला? चल, मी बसते शेजारी."

ती ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसली. मागे झुडपं मुळासकट उलथत होती, डिंकासारखा उग्र वास सुटला होता. दिराच्या डोळ्यांना धार लागली, त्याला पुढचं दिसेना. काकू सांगत गेली, डावीकडे घे, आता सरळ, आता वळव. ट्रॅक्टर जिथे उलटला होता तिथेही ती त्याच आवाजात म्हणाली, इथे जरा सावकाश.

काम संपल्यावर ती उतरली. एक झुडूप उचलून तिने साल सोलली आणि तोंडात घातली. चावून चावून चोथा थुंकला, तेव्हा दातांत रबराचा चिवट गोळा राहिला. तो बोटांनी ताणत ती थोडा वेळ उभी राहिली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. जबडा दुखला, एवढंच.

पुढे तिला टोमॅटोची रोपं करणाऱ्या वाटिकेत काम मिळालं. तिथे रोज पाणी घालायचं असे. हात तेच, हालचाली त्याच, तिला नवं काही शिकावं लागलं नाही.

एकदा जेवताना नणंदेने अडखळत विचारलं, "वहिनी, तुला अजून रडू येत नाही?"

"नाही गं," काकू म्हणाली. "तू जेव. गार होतंय."

नणंद जेवली. काकूने भांडी आवरली, ओटा पुसला आणि सकाळसाठी दोघींचे डबे धुऊन पालथे घातले.