न दुमडलेली कड

ताई, मी पुण्याला निघालो त्या सकाळी बाबांनी माझ्या नव्याकोऱ्या सूटकेसवर हातोडा घातला, तेव्हा तू दारातच होतीस. पहिल्या घावात कुलूप उडालं, दुसऱ्यात झाकण फाटलं. "काऊन रे, आमच्या हातचं जड झालं का तुले?" असं म्हणत त्यांनी स्वतः बनवलेली पत्र्याची पेटी माझ्या पायांशी आपटली. तू मुकाट्याने माझे शर्ट तिच्यात भरलेस. आपल्याला त्यात नवं काहीच नव्हतं.

अकोल्याच्या घरातला कूलर, पिंपं, पेट्या, सगळं बाबांनीच ठोकलेलं. पत्र्याची कड दुमडली नाही तर ती हात कापते. मी दुमडायला विसरलो की ते माझा तळहात त्याच कडेवर दाबायचे, रक्त येईपर्यंत. चुकायचा तो माझा हात, त्यांचा कधीच नाही. आणि त्या दिवशी एसटीत पेटी उघडायला गेलो तर झाकणाची आतली कड माझ्या तळहातात घुसली. ती त्यांनी दुमडलीच नव्हती. नगर येईपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

बिबवेवाडीच्या खोलीत रूममेट हसतील म्हणून पेटी चादरीखाली लपवली. पुढे आयटी कंपनी, ऑनसाइट, वाघोलीचा टू बीएचके. इथे पंखा कुरकुरला की अॅपवरून माणूस येतो आणि दुरुस्त न करता सरळ बदलून जातो. मला ते फार बरं वाटायचं. घरात हातोडाच ठेवला नाही. हातोडा नाही म्हणजे बाबांचा संतापही नाही, असं मी धरून चाललो होतो.

या उन्हाळ्यात बाबा राहायला आले, ते पत्रा कापायची कात्री पिशवीत घालूनच. एका रविवारी बाहेरून आलो तर माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने, रेवाने, त्या कात्रीने पेटीची एक बाजू कापून काढली होती. तिला छोटा कूलर बनवायचा होता. जी पेटी मी इतकी वर्षं लपवली, तिच्यासाठी माझ्या डोक्यात सणक गेली. मी रेवाच्या अशी कानाखाली ओढली की ती भिंतीवर आदळली. पुन्हा हात उचलला, तो बाबांनी वरच्यावर धरला आणि मी खाली बसेपर्यंत पिरगाळला.

"मी तुले पत्रा शिकवाले गेलो," ते म्हणाले, "अन् तू शिकला हे."

मी तळहातावरचा व्रण त्यांच्यापुढे धरला. त्यांनी झाकणाच्या आतून बोट फिरवलं. "तू जाणार म्हणून त्या दिवशी डोळ्याले काही दिसतच नव्हतं," ते म्हणाले. मग घरात हातोडा नाही म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेऊन ती कड दुमडत बसले. रेवा दार लावून आत रडत होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाबा परत गेले. काल मी हातोडा विकत आणला आणि रेवाला म्हटलं, चल, कूलर पुरा करू. तिने हातोडा उचलला, तिच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली.

तू फोनवर दरवेळी विचारतेस, आता तुझं घर कुठलं, अकोल्याचं की पुण्याचं? रेवा ती किल्ली माझ्या हातात देईल, त्या दिवशी सांगेन.